आजोळी कायदेशीर नोकरी करायचीय, आजोळ जर्मनीत – व्हिसा नेमका कुठला?

सोऱ्या_९७

नमस्कार मंडळी, तीन-चार वर्षं नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी आई जर्मन आहे. रॉयटलिंगेनजवळच्या एका गावातली. ९४ ला पुण्यात आली, ९५ ला बाबांशी रजिस्टर लग्न केलं आणि तेव्हापासून कोथरूडात. मी ९७ चा, बहीण २००१ ची, दोघंही पुण्यातच जन्मलो. लहानपणी मी तिला तिकडच्या पद्धतीने 'मामा' अशी हाक मारायचो, सोसायटीतली पोरं पोट धरून हसायची, मग पहिलीत कधीतरी ती 'आई' झाली ती झालीच. घरात थोडं जर्मन बोलतो पण ते स्वाबियन, म्हणजे आईच्या भागातली बोली, जॅमला 'ग्सेल्ट्स' म्हणणारं, बोट क्लब रोडला मॅक्स म्युलरमध्ये बी-वनची परीक्षा दिली तेव्हा तोंडीला बाई हसल्या होत्या. आई श्पेट्झ्ल (तिकडच्या अंड्याच्या शेवया) करते तेसुद्धा चकलीच्या सोऱ्यातून, आयडी तिथनंच आलाय.

मुद्दा असा की मी मेकॅनिकल बीई, २०१९ ला पास आऊट, चाकणला क्वालिटीत आहे. मागच्या वर्षी ओमा, म्हणजे आईची आई, घरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आई तीन महिने तिकडे राहून आली, आता परत ओमा एकटीच आहे आणि वय ८४. आईला सारखं जाणं झेपत नाही आणि बाबांना सोडवत नाही. म्हणून मी म्हणलं की मीच जाऊन तिकडे नोकरी बघतो, ओमापासून तासाभराच्या अंतरावर असलो तरी पुष्कळ झालं.

चान्सेनकार्टेचे (तिकडे जाऊन नोकरी शोधायचा व्हिसा) पॉइंट्स मोजून बघितले, लागतात ६ आणि माझे होतात ८. एका एजंटकडे गेलो तर तो म्हणे आई जर्मन म्हणजे 'फॅमिली केस', फास्ट ट्रॅक करून देतो, दीड लाख, अपोस्टिलचे (कागद परदेशात चालावेत म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) वेगळे. एक मित्र म्हणतो टुरिस्ट म्हणून जा आणि एखाद्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये कॅशवर काम धर, मग बघू. ते मला अजिबात नकोय, ओमाच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, पकडलो गेलो तर म्हातारी मलाच काठीने हाणेल.

तर चान्सेनकार्टे, ब्लू कार्ड (डिग्रीवाल्यांचा नोकरीचा परवाना) की अजून काही? आणि आई जर्मन असल्याचा खरंच काही फायदा असतो का? बहीण फिजिओथेरपिस्ट आहे, तिचंही डोक्यात चाललंय.

बेंझटाउनचा_बंड्या

थांब. एजंटला एक रुपयाही देऊ नकोस. दिला असशील तर परत माग.

तू व्हिसा शोधतोयस पण तुला जर्मनीचा व्हिसा मिळूच शकत नाही, कारण बहुतेक तू जर्मनच आहेस!! गंमत करत नाहीये. मी स्टुटगार्टला १७ वर्षं आहे, अशी एक केस अगदी जवळून बघितलीय. जर्मनीत नागरिकत्व रक्ताने येतं, कुठे जन्मलास त्याला फारशी किंमत नाही. पूर्वी लग्नातल्या मुलांना फक्त बापाकडून मिळायचं, १ जानेवारी १९७५ पासून आईकडूनही मिळतं. म्हणजे तुझ्या जन्माच्या दिवशी आई जर्मन नागरिक असेल तर तू त्याच दिवशी जर्मन झालास, कुणी अर्ज केला नाही, कुणाला माहीत नाही, तरी झालास. आणि ब्लू कार्ड, चान्सेनकार्टे ही सगळी परदेशी लोकांसाठीची कागदं आहेत, तो कायदाच जर्मन माणसाला लागू होत नाही. म्हणजे तू तुझ्या ८ पॉइंट्सची फाईल घेऊन गेलास आणि आईचं नागरिकत्व कळलं की ते तुला सांगणार, साहेब व्हिसा कसला मागताय, पासपोर्ट काढा.

तेव्हा सगळं एका प्रश्नावर अडलंय. आईने भारतीय नागरिकत्व कधी घेतलं का? लग्न करून आलेल्या परदेशी बायकांना ७ वर्षं इथे राहिल्यावर तसा अर्ज करता येतो, बऱ्याच जणींनी केलाय. आणि जून २०२४ पर्यंत जर्मनीचा नियम असा होता की स्वतः अर्ज करून दुसरं नागरिकत्व घेतलं की जर्मन आपोआप गेलं. तिने तुझ्या जन्मानंतर घेतलं असेल तर तुझं अडत नाही. बहिणीचं २००१ चं बघावं लागेल.

कपाट उघडा आणि आईचे जुने पासपोर्ट काढा.

गुळाचा_चहा

मस्त! मग दोन्ही पासपोर्ट ठेव की रे भावा. कुणाला कळतंय. माझ्या ओळखीत दोघातिघांकडे आहेत.

कलम_नऊ

वरच्या प्रतिसादावर कृपा करून जाऊ नका.

आधी हे नीट समजून घ्या, कारण हा भाग जर्मनीचा नसून आपल्याकडचा आहे आणि इथेच लोक फसतात. तुम्ही १ जुलै १९८७ ते ३ डिसेंबर २००४ या मधल्या काळात भारतात जन्मलात आणि वडील भारतीय, म्हणजे तुम्ही जन्माने भारतीय नागरिकही आहात. आज घडीला तुम्ही दोन्ही आहात आणि नुसतं असण्यात काही चूक नाही, ते काही तुम्ही मागून घेतलेलं नाही. पण ज्या दिवशी तुम्ही जर्मन पासपोर्ट काढाल त्या दिवशी गोष्ट बदलते. नागरिकत्व कायद्याचं कलम ९ म्हणतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर भारतीय नागरिकत्व संपतं, आणि नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात लिहिलंय की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवणं हाच त्याचा निर्णायक पुरावा. वकील मंडळी युक्तिवाद करतात की जन्माने मिळालेलं स्वेच्छेने कसं, ऐकायला बरं वाटतं, पण हा पुराव्याचा नियम सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच वैध ठरवलाय आणि तुम्हाला काय नोकरी करायचीय, टेस्ट केस लढायची नाहीये.

म्हणजे व्यवहारात असं होतं, की जर्मन पासपोर्ट आला की भारतीय पासपोर्ट जमा करायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआयसाठी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) अर्ज. जुना भारतीय पासपोर्ट त्यानंतर वापरला तर पासपोर्ट कायद्याखाली दंड आहे आणि पुढे ओसीआयच्या वेळी तारखा जुळवून बघतात तेव्हा सगळं बाहेर येतं. शिवाय एक बारीक गोष्ट, हातात नवा कोरा जर्मन पासपोर्ट आला की त्यात भारताचा कुठलाच व्हिसा नसतो, म्हणजे तुम्ही पुण्यात स्वतःच्या घरात बसून परदेशी माणूस. त्यामुळे ई-एफआरआरओवर (परदेशी लोकांच्या नोंदणीची सरकारी साइट) जाऊन ते आधी नियमित करून घ्यावं लागतं, मग विमानतळ.

ओसीआयवर भारतात केव्हाही येऊन कितीही राहता येतं, खासगी नोकरी करता येते. मतदान नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

सोऱ्या_९७

बाप रे. दोघांनाही मनापासून धन्यवाद, कालपासून घरात हाच विषय चाललाय.

आईने भारतीय नागरिकत्व घेतलेलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या रजिस्ट्रेशनच्या रांगेत कशाला उभी राहिले मग?" आणि खरंच आठवलं, आम्ही लहान असताना ती दर वर्षी पोलीस कमिशनर ऑफिसला जायची, मी एकदा बरोबर गेलो होतो, हवालदार काकांनी गोळी दिली होती आणि आईला विचारलं होतं 'ताई अजून गेला न्हाईत व्हय परत'. नंतर पीआयओ कार्ड (ओसीआयसारखंच, पण जुनं) झालं, मग त्याचं ओसीआय.

रात्री गोदरेजचं कपाट उपसलं. एक हिरवा पासपोर्ट सापडला ८६ चा आणि एक लाल, मुंबईच्या कॉन्सुलेटने ९६ मध्ये दिलेला, २००६ पर्यंत चालणारा. म्हणजे माझा आणि बहिणीचा दोघांचाही जन्म त्याच्यात बसतो ना?

बाबा मात्र गप्प झालेत. जुन्नरला आमची थोडी शेती आहे, बाबांच्या आणि काकांच्या नावावर. बाबांनी फक्त एवढंच विचारलं की पोरगा परदेशी झाला तर सातबाऱ्यावर त्याचं नाव लागेल का. मला उत्तर देता आलं नाही.

कलम_नऊ

लागेल. विकत घ्यायला बंदी आहे, वारसाने मिळायला नाही. ओसीआय झालेल्या मुलाला वडिलांची शेतजमीन वारसाहक्काने मिळते. पुढे विकायची झाली तर मात्र भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागेल, दुसऱ्या ओसीआयला किंवा एनआरआयला नाही. वडिलांना सांगा, काळजी करू नका. आणि काकांबरोबरची वाटणी तोंडीच असेल तर ती आत्ता कागदावर आणा, त्याचा जर्मनीशी काही संबंध नाही पण आणा.

बेंझटाउनचा_बंड्या

९६ चा लाल पासपोर्ट म्हणजे जॅकपॉट. लॅमिनेट करू नका म्हणजे झालं (केलेले बघितलेत).

आता पासपोर्टचा अर्ज कसा ते सांगतो. मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटला अपॉइंटमेंट, नरिमन पॉइंट. तुझा जन्मदाखला, आईबाबांचं मॅरेज सर्टिफिकेट, आईचा तेव्हाचा आणि आत्ताचा पासपोर्ट, आईचा जर्मन जन्मदाखला, तुझा भारतीय पासपोर्ट. आई स्वतः बरोबर आली तर उत्तम. आणि पहिल्या पासपोर्टच्या आधी बहुतेक 'नामेन्सएर्क्लेरुंग' करावं लागेल. म्हणजे आईने लग्नानंतर जर्मन कागदावर आडनाव बदललं नसेल तर जर्मन कायद्याच्या नजरेत तुझं आडनाव अजून ठरलेलंच नसेल, २८ वर्षांचा घोडा झालास तरी! ते आधी जाहीर करायचं. आणि मधलं वडिलांचं नाव, त्याचं काय करायचं हे पण तिथेच विचार, मला माहीत असलेल्या मुलाच्या जर्मन पासपोर्टवर बापाचं नाव दुसरं पाळण्यातलं नाव असल्यासारखं छापून आलं आणि आता टपाल, बँक, डॉक्टर सगळे त्याला बापाच्या नावाने हाका मारतात.

अपोस्टिलला मुळीच पैसे घालू नकोस. भारत २००५ मध्ये त्या करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे भारताचा अपोस्टिलचा शिक्का जर्मनी मानत नाही. एजंट तरीही सरसकट सगळ्यांना करायला लावतात. कॉन्सुलेटला शंका आली तर ते स्वतःचा माणूस पाठवून महापालिकेतलं मूळ रजिस्टर बघून घेतात, खर्च तुझा आणि वेळही तुझाच, महिने जातात. म्हणून दाखल्यावर एक काना-मात्रासुद्धा चुकलेली नको.

सोऱ्या_९७

काना-मात्रेचं म्हणालात आणि घात झाला.

माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव 'उमा' आहे. बहिणीच्याही. आईचं नाव उर्सुला. लग्नात आजीने तांदळात अंगठीने 'उमा' लिहिलं होतं, फोटो आहे त्याचा, आणि बाबांनी हॉस्पिटलच्या फॉर्मवर तेच भरलं. शाळेत उमा, रेशन कार्डावर उमा, गॅसच्या पुस्तकावर उमा. मॅरेज सर्टिफिकेट, पासपोर्ट आणि ओसीआयवर उर्सुला. म्हणजे जर्मनीच्या दृष्टीने मी कुण्या उमाबाईंचा मुलगा आहे आणि त्या जर्मन नाहीत.

आई हसतेय. बाबा अजिबात हसत नाहीयेत.

म्युनिकची_मावशी

अरे देवा!! तांदळातलं नाव 😄 माझंही बदललं होतं रे, मी परत माहेरचं लावून घेतलं, ती वेगळी कथा.

घाबरू नकोस. हे नाव बदलणं नाही, ही नोंदीतली दुरुस्ती आहे, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १५. त्यामुळे गॅझेट करायच्या फंदात पडू नका, गॅझेट केलं तर अर्थ होतो की आधी उमा होती आणि आता उर्सुला झाली, म्हणजे तुझ्या जन्मावेळी उमाच! तेच तर नकोय. आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र, मॅरेज सर्टिफिकेट, तेव्हाचा पासपोर्ट, तिची रजिस्ट्रेशनची जुनी कागदं, हे सगळं घेऊन ज्या क्षेत्रीय कार्यालयात नोंद आहे तिथे निबंधकाकडे जा. एका फेरीत होणार नाही हे धरून चाल. हॉस्पिटलची डिस्चार्जची कागदं असतील तर बाळाला न्हाऊ घातल्यासारखी जपून ने. आणि दोघा भावंडांचं एकदमच कर, नाहीतर सहा महिन्यांनी बहिणीसाठी तीच वारी परत.

उल्मची_फिजिओ

धाग्यात बहिणीचं कुणीच नीट सांगितलं नाही म्हणून लिहितेय. मी मूळ कोल्हापूरची, बीपीटीएच, ५ वर्षं उल्मला आहे.

ताईंना सांगा की जर्मन पासपोर्टने राहायचा हक्क मिळतो, फिजिओ म्हणून काम करायचा नाही. इथे हा परवान्याचा व्यवसाय आहे. पासपोर्ट कुठलाही असो, शिक्षण बाहेरचं असेल तर आनएर्केनुंग, म्हणजे पदवीला तिथली मान्यता, करावंच लागतं, ते राज्यावार असतं, बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये स्टुटगार्टच्या सरकारी कार्यालयाकडे. ते तुमच्या चार-साडेचार वर्षांचा विषयवार तासांचा हिशोब मागतात, थिअरी किती, प्रॅक्टिकल किती, क्लिनिकल पोस्टिंग कुठल्या वॉर्डात किती तास, आणि तो त्यांच्या अभ्यासक्रमाशी लावून बघतात. माझ्या कॉलेजने पहिल्यांदा एका पानावर 'यशस्वीरीत्या पूर्ण केले' एवढंच लिहून दिलं, ते परत आलं, मग नाशिकला एमयूएचएसपर्यंत (आरोग्य विद्यापीठ) जाऊन सिलॅबसच्या प्रत्येक पानावर शिक्का मारून आणला. इथे आल्यावर हे करायचं म्हणजे घरच्यांना पळवायचं, त्यामुळे पुण्यात असतानाच करून ठेवा. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच.

मग पत्र येतं की अमुक गोष्टी कमी आहेत, त्या भरून काढायला एकतर पुरवणी प्रशिक्षण किंवा परीक्षा. मी प्रशिक्षण घेतलं. मॅन्युअल लिम्फड्रेनेज (सूज उतरवायचा हलका मसाज) आपल्याकडे जवळपास शिकवतच नाहीत आणि इथे रोज तेच. आणि भाषेची बी-टू परीक्षा. घरचं स्वाबियन उपयोगी पडेल हो, माझे निम्मे पेशंट तसंच बोलतात, पहिले सहा महिने मला ते जर्मन बोलतायत की खोकतायत कळत नव्हतं.

बेंझटाउनचा_बंड्या

बहिणीबद्दल अजून एक, विसरण्यासारखं आहे म्हणून लिहून ठेवतो. ती २००१ ची. जी जर्मन मंडळी १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर परदेशात जन्मलीत त्यांची मुलंही परदेशात जन्मली तर ती आपोआप जर्मन होत नाहीत, आई किंवा बाप तेव्हा परदेशातच राहत असेल तर. बाळ एक वर्षाचं व्हायच्या आत जर्मन कार्यालयात नोंद मागावी लागते. तू ९७ चा, सुटलास. एका घरातली दोन भावंडं आणि नियम दोन.

शिफ्ट_सुपरवायझर

सगळे कागदांवरच बोलतायत, नोकरीचं कोण बोलणार. मी सिंडेलफिंगेनच्या बाजूला एका पुरवठादाराकडे आहे, खरं सांगतो, गाड्यांच्या धंद्यात सध्या वेळ बरी नाही. फोल्क्सवागेनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार केला, २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी करणार, आणि मोठ्यांना शिंक आली की आमच्यासारख्यांना न्यूमोनिया. चाकणचा क्वालिटीचा अनुभव चांगलाच आहे पण फक्त मोठ्या नावांच्या मागे लागू नकोस. आल्ब डोंगराच्या कडेने छोट्या गावांमधून मशिनचे भाग, मेडिकलची अवजारं, मोजमापाची यंत्रं बनवणारे कारखाने आहेत, मालकाचं घर कारखान्याला लागून, १५०-२०० माणसं, पुण्यात त्यांचं नाव कुणी ऐकलेलं नसतं. ते लोक गावात राहणारा माणूस शोधतात. तुझी ओमा तिथलीच आहे, हा तुझ्या बीईपेक्षा मोठा पॉइंट आहे, अर्जात लिही!

आणि सीव्हीच्या पहिल्या चार ओळीत 'नागरिकत्व: जर्मन' टाक. तुझं नाव बघून एचआरवाला धरून चालणार की याला व्हिसा लागेल, तीन महिने लफडं, आणि फाईल बाजूला. माझ्या डोळ्यासमोर झालंय. पासपोर्ट हातात येईपर्यंत ते लिहू नकोस मात्र, पुरावा मागितला तर पंचाईत.

इंजिनिअर म्हणून कंपनीत नोकरीला कुठला परवाना लागत नाही, डिग्री कंपनीला पटली की झालं. पण बी-वनवर क्वालिटी ऑडिट होत नाही रे. शॉप फ्लोअरवरचा माणूस 'पासट शोन' म्हणतो म्हणजे माप बरोबर आहे की चालवून घेऊया म्हणतोय, ते कळायला बी-टूच्या पुढे जावं लागतं. मिळत नसेल तर सुरुवातीला त्साइटआर्बाइटच्या एजन्सीतून ये, भाड्याचा माणूस म्हणून, कमीपणा काही नाही, मीही तसाच शिरलो. कमीत कमी पगार कायद्याने ठरलेला आहे, जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो, त्याच्या खाली कुणी देत असेल तर तिथून उठ.

गुळाचा_चहा

मी आपलं सहज म्हणलं होतं, दोन पासपोर्टचं, एवढं चिडायला काय झालं 😅 पण एक विचारतो, एवढं सगळं करून भारतीय नागरिकत्व घालवायचं आणि तिकडे जाऊन भाड्याचा माणूस व्हायचं, कशासाठी? चाकणला चाललंय की बरं.

म्युनिकची_मावशी

त्याची आजी ८४ वर्षांची आहे आणि पडली होती, पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय. वाचत जा.

बाळा, गेल्यावरचं थोडक्यात सांगते. ओमाकडेच उतरणार ना? मग पहिल्या दोन आठवड्यांत गावच्या नगरपालिकेत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, त्याला घरमालकाचं पत्र लागतं, इथे ओमाच सही करेल. त्यानंतर पोस्टाने ११ आकडी टॅक्स नंबर येतो, तो जपून ठेव. नोकरी लागली की आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून लागू, हप्ता निम्मा मालक भरतो. पण नोकरी लागेपर्यंतच्या मधल्या दिवसांचा विमा इथून निघायच्या आधी ठरवून ये, 'मी जर्मन आहे' म्हणून दवाखाना फुकट होत नाही. घरात टीव्ही असो नसो, टीव्ही-रेडिओची फी म्हणून महिन्याला १८.३६ युरो घरामागे द्यावे लागतात, ओमा भरतच असेल, तू तिच्याच पत्त्यावर असलास तर तुला वेगळे नाहीत. रविवारी दुकानं बंद. कांदे-बटाटे शनिवारीच आणायचे.

आणि येताना तुमचा तो सोऱ्या घेऊन ये. ओमाचा श्पेट्झ्लचा साचा जड लोखंडी असतो, त्या वयात हाताने दाबवत नाही.

सोऱ्या_९७

सहा महिन्यांनी परत येतोय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व, पण ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना सांगायला हवं.

उमाची उर्सुला झाली. पाच फेऱ्या लागल्या. तिसऱ्या फेरीला बाई म्हणाल्या की आईला समोर आणा, आई गेली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "मीच दोन्ही आहे, कुठल्या नावाने सही करू?", सगळं ऑफिस जमा झालं, चहा आला, तरी पुढच्या दोन फेऱ्या काही टळल्या नाहीत. शेवटी जुन्या रजिस्टरमध्ये लाल शाईने समासात नोंद झाली आणि नवीन दाखले मिळाले, दोघांचे.

बहिणीने मात्र सध्या नाही म्हणलंय. दाखला घेऊन ठेवला, नाशिकची सिलॅबसची कागदंही आणली (उल्मच्या ताई, तुमचा मेसेज तिने प्रिंट काढून कपाटाला लावलाय), पण भारतीय पासपोर्ट द्यायचं तिच्याच्याने होत नाही म्हणते. बी-टू करते, मग बघते म्हणते. भांडण वगैरे नाही. माझंही मन एकदम तयार आहे असं नाही, मागच्या निवडणुकीला शाई लावलेल्या बोटाचा फोटो सापडला परवा, बराच वेळ बघत बसलो.

जुन्नरला बाबा आणि काका वाटणीची मोजणी करून आले. वीस वर्षं होत नव्हती ती दोन महिन्यांत झाली. बांधाची एक आंब्याची फांदी सोडली तर तंटा नाही.

आडनाव बाबांचंच ठेवतोय. मधल्या नावाचं आई फॉर्म भरताना विचारत होती की घालायचं की गाळायचं, बाबा पेपर वाचत होते, वर न बघता म्हणाले, "तिकडचे लोक मला हाका मारणार असतील तर मारू देत." तर घालतोय.

अपॉइंटमेंट मिळाली, येत्या मंगळवारी साडेअकरा. आई आणि मी सकाळच्या डेक्कन क्वीनने जातोय, दोघांची सीट कन्फर्म झाली. एक शेवटचं, नरिमन पॉइंटला आसपास बायोमेट्रिक फोटोवाला आहे का? कोथरूडातल्याने काढलेत ते आई म्हणते चेहरा फार गोरा केलाय, परत पाठवतील.

बेंझटाउनचा_बंड्या

पाठवतीलच. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढुरकी पार्श्वभूमी, दात दाखवायचे नाहीत, आणि फोटोशॉप करू नका असं आधी सांग, सवय असते त्यांना. पुण्यातच दुसऱ्याकडून काढून घे, तिथे उतरून शोधाशोध नको. आणि लाल पासपोर्ट आईच्या पर्समध्ये ठेव, तुझ्या सॅकमध्ये नको.